१४ एप्रिलला झाड लावू नका, झाडाची हजेरी घ्या

हा लेख आधी आमच्यावरच टीका आहे, हे सुरुवातीलाच सांगतो.

दरवर्षी भीमजयंतीला आम्ही झाडे लावतो. सकाळी ध्वजवंदन, त्रिशरण-पंचशील, अभिवादन आणि मग समाजमंदिरासमोर वृक्षारोपण. रोपवाटिकेतून आणलेले हातभर उंचीचे रोप, एका रोपाला आठ जणांचे हात आणि समोर मोबाईल. दुपारपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. रोप मात्र एप्रिलच्या उन्हात तिथेच उभे असते. आपल्या परभणी जिल्ह्यात त्या दिवसांत पारा ४० च्या पुढे असतो आणि मे महिन्यात तो ४३-४४ ला टेकतो. काळी जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून गरम हवा थेट मुळांपर्यंत जाते. मिरग येईपर्यंत रोपाची काडी झालेली असते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप आणि तेच आठ हात.

ताडकळस आणि पूर्णा तालुक्यातल्या आसपासच्या गावांत आम्ही हे वर्षानुवर्षे करत आलो. लावलेल्या झाडांचे फोटो आमच्याकडे आहेत. जगलेले झाड दाखवा म्हटले, की आमची मान खाली जाते.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याची मोहीम काढली. जगली किती, हा प्रश्न इतका वाढला की पुढे चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची वेळ आली. तेव्हा आम्हीही हसलो होतो. पण आमची जयंती आणि सरकारची मोहीम यांत फरक कोणता? त्यांनी कोटींत केले, आम्ही डझनात केले. दोघांनीही लावण्याचा सोहळा केला आणि जगवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. डझनभर रोपे नकोत. गावाला एक वड लावा. तो आषाढ पौर्णिमेला लावा, सार्वजनिक जागेत लावा, आणि १४ एप्रिलला त्याची हजेरी घ्या. हे का, ते आता क्रमाने मांडतो.

वडच का? तो तर त्यांचा!

आमच्या बैठकीत हा मुद्दा काढला तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने लगेच विचारले, "दादा, लावायचाच तर बोधिवृक्ष लावू. वड तर सत्यवान-सावित्रीवाल्यांचा आहे. सात जन्म तोच नवरा मागणाऱ्या झाडाशी आपला काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक चूक आहे. कोणी एखाद्या झाडाला दोरा गुंडाळला म्हणून ते झाड त्याच्या मालकीचे होत नाही.

विनयपिटकातला महावग्ग उघडा. उरुवेलेत संबोधी प्राप्त झाल्यावर तथागत बोधिवृक्षाखालून उठले आणि ज्या झाडाखाली जाऊन बसले, ते झाड वडाचे होते. त्याचे नाव अजपाल निग्रोध. निग्रोध म्हणजे वड आणि अजपाल म्हणजे शेळ्या राखणारा. शेळ्या-मेंढ्या चारणारी माणसे त्या सावलीत बसत, म्हणून झाडाला त्यांचे नाव पडले, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे तो वड राजाचा नव्हता आणि पुरोहिताचाही नव्हता, तो गुराख्यांचा होता. त्या वडाखाली एक गर्विष्ठ ब्राह्मण आला आणि त्याने तथागतांना विचारले की माणूस ब्राह्मण कशाने होतो. तथागतांनी उत्तरात जन्माचे नावही घेतले नाही, आचरण सांगितले. जन्माने मिळणाऱ्या मोठेपणाला बुद्धाने ज्या जागी पहिला नकार दिला, ती जागा वडाची सावली होती. आणि आपण म्हणतो, वड आपला नाही!

पुढे या. सम्राट अशोकाचा सातवा स्तंभलेख दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभ्या असलेल्या स्तंभावर कोरलेला आहे. हा स्तंभ मूळचा टोपऱ्याचा, आजच्या हरियाणातला. त्यात अशोक सांगतो की रस्त्यांच्या कडेला त्याने वड लावले, पशूंना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. लेखात शब्दही 'निगोह' असाच आहे. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या, हेही त्यात येते. त्याच्या पुढचे वाक्य तर कार्यकर्त्यांनी मनावर कोरून घ्यावे असे आहे. अशा सुखसोयी आधीच्या राजांनीही केल्या होत्या, आपण त्या केल्या ते लोकांनी धम्माने वागावे म्हणून, असा त्याचा आशय आहे. सावली करणे हे त्याच्या लेखी धम्माचे काम होते. त्या सावलीत पशू आधी आले आणि मग माणूस आला, जात मात्र कुठेच आली नाही.

मग या झाडाचे पुढे काय केले गेले? वटपौर्णिमेच्या कथेत बायकोचे सारे मोल नवऱ्याच्या श्वासावर टांगले. आंध्र प्रदेशात कदिरीजवळ 'तिम्मम्मा मर्रिमानु' नावाचा अवाढव्य वड आहे, जगातल्या सर्वांत विस्तीर्ण वडांत तो गणला जातो. त्याची कथा काय? पंधराव्या शतकात तिम्मम्मा नावाची बाई नवऱ्याच्या चितेवर सती गेली आणि तिथल्या एका खांबातून हा वड उगवला! एवढे जिवंत झाड, पण त्याच्या बुडाशी एका बाईचे जळणे पेरल्याशिवाय त्यांना ते पवित्र वाटले नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची साधने आहेत, हे त्यांनी तेव्हाच उलगडून दाखवले. झाडाभोवती दोरा फिरतो तेव्हा तो याच गाठीचा असतो.

आम्ही दोरा बांधणाऱ्या बायांची टिंगल करत नाही. त्यांत आमच्या आया-बहिणीही होत्या, अजून काही घरांत आहेत. आमचा राग गोष्टीवर आहे. आणि झाडाचा त्यात काय दोष?

आणखी एक गंमत सांगतो. वडाचे फळ पिकले की मैना, बुलबुल, तांबट, हरियाल ही पाखरे ते खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी पडते. म्हणूनच वड भिंतीच्या फटीत, विहिरीच्या कठड्यात, दुसऱ्या झाडाच्या ढोलीत उगवतो. ज्या झाडाला पवित्र म्हणून ओवाळतात, त्याचा जन्म पाखराच्या विष्ठेतून होतो. ज्यांच्या पूर्वजांना घाण उचलायला लावून अपवित्र ठरवले, त्यांनी हे निसर्गाचे सत्य छातीठोकपणे सांगायला काय हरकत आहे?

पारावर कोण बसत होते?

वड लावायचा म्हणजे पुढेमागे पार होणार. आणि पार म्हटले की आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर एक सावली येते, ती वडाची नसते.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातल्या आजोबांना विचारा. पारावर गावकी भरत असे. निवाडे तिथे होत, सालदार तिथे ठरत, बातम्या तिथे कळत. आणि आपला माणूस पारापासून लांब, उन्हात, पायातली वहाण हातात घेऊन उभा. त्याच्याबद्दलचा निर्णय सावलीत बसलेले घेत. झाड सगळ्यांवर सारखी सावली पाडत होते, तिची वाटणी मात्र माणसांनी जातीप्रमाणे केली. पाण्याची तशी वाटणी झाली म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. सावलीसाठी कोणी मोर्चा काढला नाही, पण ती लढाईही त्याच जातीची आहे.

आज संविधानाचे कलम १५(२) स्पष्ट सांगते की सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा जातीच्या कारणावरून कोणालाही बंद करता येत नाहीत. कागदावर पार मोकळा झाला. मनातला पार मात्र अजून पुष्कळ गावांत अडलेला आहे. आपली पोरं तिथे बसली की कोणी बोलत नाही, पण शेजारचा माणूस हळूच उठून जातो.

म्हणून आमचा आग्रह आहे की वड फक्त आपल्या वस्तीत लावू नका. बाजाराच्या कडेला, शाळेजवळ, बसथांब्यापाशी, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत लावा, आणि ग्रामसभेचा रीतसर ठराव घेऊन लावा. ठरावात लिहून घ्या की ही जागा, हे झाड आणि याचा पार सर्व गावकऱ्यांसाठी खुला राहील.

यावर आमच्यातच वाद झाला. "खड्डा आपण खोदायचा, तीन वर्षं पाणी आपण घालायचे, आणि सावलीत बसायला सगळा गाव? पुन्हा बिनमजुरीची गावकीच झाली की ही!" हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. फुकट राबवून घेण्याचा इतिहास आपल्या अंगावर आहे. पण वेठ आणि हे काम यांत फरक आहे. वेठीत हुकूम दुसऱ्याचा होता आणि हक्कही दुसऱ्याचा होता. इथे ठराव आपण मांडतो, अट आपण घालतो आणि पाण्याच्या पाळीत सगळ्या आळ्यांची नावे आपण लिहून घेतो. कोणी नाव देणार नसेल तर तेही वहीत दिसेल. वृक्षलागवड आणि संगोपन ही कामे रोजगार हमीत बसतात. तेव्हा लेखी मागणी करा, पोच घ्या, मजुरी मिळवा. समतेचा पार बांधायचा तर तो फुकटच बांधला पाहिजे, असे बाबासाहेबांनी कुठेही सांगितलेले नाही.

गायरानावर मात्र डोळे उघडे ठेवा

जागेचा विषय निघालाच आहे तर एक इशारा. झाडे लावण्याच्या नावाखाली भूमिहीनाला उठवले जाणार नाही, याकडे लक्ष ठेवा.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानावरची दगड-कुसळे काढून पोटापुरते पीक घेतले. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरणही आले, तरी कित्येकांच्या सातबाऱ्यावर अजून नाव नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह निकालाचा दाखला देऊन गायराने मोकळी करण्याची भाषा होते. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे, तो कोणी वाचून दाखवत नाही. कसणाऱ्याच्या पिकात खड्डे पाडून 'हरित गाव' होत असेल, तर त्या हिरवाईला आमचा विरोध आहे. गायरानावर वड लावायचाच तर कसणाऱ्याच्या संमतीने, बांधाच्या टोकाला लावा.

आणखी एक जागा सुचवतो, आपली स्मशानभूमी. पुष्कळ गावांत ती वेगळी आहे, शेड नाही, झाड नाही. मे महिन्यात अंत्यविधीला म्हातारी माणसे डोक्यावर रुमाल टाकून उन्हात उभी असतात. जिवंतपणी ज्यांना पाराची सावली नाकारली, त्यांना निरोप देणाऱ्यांना तरी सावली मिळू द्या.

आषाढ पौर्णिमाच का?

आषाढ पौर्णिमेला तथागतांनी सारनाथला धम्मचक्र फिरवले. त्याच वेळी वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. वर्षावासाचा नियम का आला, हे आपण विहारात ऐकतो आणि विसरतो. भिक्खू पावसाळ्यातही फिरत, त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. म्हणजे कोवळ्या अंकुराची काळजी या नियमाच्या मुळाशीच आहे. आणि आपल्याकडे पाऊस जमिनीत मुरून रोपाला मूळ धरायला वेळ मिळतो, तेही हेच तीन महिने. धम्माचे पंचांग आणि मराठवाड्याचा पाऊस इथे एकमेकांना जुळतात. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते, तेव्हाच बाहेर वडाला मूळ फुटत असते. दोन्हींकडे एकाच वहीत हजेरी लावा.

काम असे करायचे

खड्डा मे महिन्यात खोदा, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. तो ऊन खाऊ द्या. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तळाला मुरूम टाका. वर मातीत कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरा. घर, विहार, विहीर यांपासून किमान ५० फूट लांब राहा. वडाची मुळे भिंत सोडत नाहीत, आणि मग दहा वर्षांनी झाडही जाते, भिंतही जाते. वर विजेची तार नाही ना, तेही बघा.

रोप हातभर नको, पाच-सहा फुटी घ्या. भिंतीत उगवलेले रोप मुळासकट काढून वर्षभर मोठ्या पिशवीत वाढवले तरी चालते. रोप मिळालेच नाही तर पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी दोन फूट खोल रोवा आणि वरच्या कापावर शेणमाती लिंपा. वड फांदीनेही जगतो. तरी रोपाचे मूळ खोल जाते, म्हणून शक्यतो रोपच लावा.

पहिला शत्रू शेळी. वडाचा पाला तिला फार आवडतो, आणि शेळ्या आपल्याच वस्तीतल्या आहेत, तेव्हा भांडू नका. बाभळीच्या फांद्यांचे दाट काटेरी कुंपण करा आणि शेंडा शेळीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत ते दरवर्षी नवे करा. दुसरा शत्रू वणवा. उन्हाळ्यात धुरे पेटवतात, ती आग रोपापर्यंत येते, म्हणून भोवतालचे गवत दिवाळीनंतर काढून टाका. तिसरी उधई, बुंध्याला चुना-गेरू लावत राहा.

पाण्याचा हिशेब मांडू. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्याला एकदा, मार्च ते मिरग आठवड्याला दोनदा, प्रत्येक वेळी चार घागरी. वर्षाला साधारण ५० पाळ्या होतात. २५ घरांनी नावे दिली तर एका घराला वर्षातून दोनच पाळ्या येतात. आळ्यात सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट पसरले की ओल टिकते. दुसऱ्या वर्षी पाळ्या निम्म्यावर आणा, तिसऱ्या वर्षी फक्त उन्हाळा सांभाळा. तीन वर्षे काढली की वड स्वतःचे स्वतः बघतो.

झाड मोठे झाल्यावरही दोन पथ्ये आहेत. पार बांधताना बुंध्यापर्यंत सिमेंट आणू नका, माती उघडी ठेवा. आणि पारंब्या तोडू नका. कोवळी पारंबी मातीने भरलेल्या पोकळ बांबूतून खाली आणली तर ती जमीन गाठते आणि पुढे खांब होते.

आता एक कडू गोष्ट. गावातल्या जुन्या वडा-लिंबांच्या बुंध्यात जे खिळे आहेत, ते कशाचे? सगळ्या पक्षांच्या फ्लेक्सचे आहेत, आणि त्यांत आपल्या जयंतीच्या शुभेच्छांचे फ्लेक्सही आहेत. ज्या महामानवाने माणसाला होणारी इजा थांबवली, त्याच्या फोटोसाठी आपण झाडात खिळे ठोकतो. यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी पक्कड घेऊन हे खिळे काढायला चला. सुरुवात आपल्या खिळ्यांपासून करू.

खोड गेले तरी

कोलकात्याजवळ हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एक जुना, प्रचंड वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, खोडाला बुरशी लागली आणि अखेर १९२५ मध्ये मूळ खोड काढून टाकावे लागले. आज त्या झाडाला मूळ खोड नाही, तरी ते एकराच्या हिशेबात पसरलेले आहे, कारण त्याच्या हजारो पारंब्या जमिनीला टेकल्या आणि त्यांची खोडे झाली.

आपल्या चळवळीला वटवृक्षाची उपमा भाषणात सारखी दिली जाते. देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ६ डिसेंबर १९५६ ला आपले खोड गेले. त्यानंतर जी पारंबी जमिनीला टेकली, म्हणजे वस्तीतल्या शाळेत, वसतिगृहात, विहारात, गायरानाच्या लढ्यात रुजली, तिनेच झाड धरून ठेवले. जी नुसतीच स्टेजवर हवेत लोंबत राहिली, ती वाळली. आपण कोणती पारंबी आहोत, हे ज्याने त्याने आपल्या गावात बघावे.

आणि बघायची सोपी रीत हीच. येत्या १४ एप्रिलला नवे रोप आणू नका. वही काढा. कोणत्या घराने कोणत्या आठवड्याला पाणी घातले, कोणाची पाळी चुकली, कुंपण कोणी दुरुस्त केले, ते सगळ्यांसमोर वाचा. झाडाजवळ जा, उंची मोजा. झाड जगले असेल तर त्याच्याखाली अभिवादन करा. मेले असेल तर तेही वहीत लिहा, नावानिशी, आणि मे महिन्यात पुन्हा खड्डा खोदा.

ताडकळसच्या आमच्या वहीचे पहिले पान कोरे आहे. त्यावर पहिली नावे आमचीच लिहितो आहोत.

जय भीम!